म्हसवड, ब तुकडी, चार

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. पुण्याच्या कंपनीत डेटाचं काम करते. आकडा चुकला तर चूक आपलीच, हे पक्कं ठाऊक आहे. तरीही हे लिहितेय...

गेल्या हिवाळ्यात मी माहेरी होते, कराडला लागून असलेल्या मलकापुरात. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बोर्डिंगच्या जुन्या सोबत्यांचा मेळावा भरवायचा घाट घातला होता. प्रत्येकाला फेटा! अ तुकडीला केशरी, ब तुकडीला गुलाबी, आणि गठ्ठे गावागावाचे वेगळे. यादी माझ्या गळ्यात. मी कोडमध्ये गाव आणि तुकडी हे दोन कॉलम धरून ग्रुप केलं, प्रत्येक गटातली माणसं मोजली आणि तक्ता अण्णांना दिला. दोन ओळींचं काम. अण्णांनी त्यावरून फेटेही आणले.

गठ्ठे बांधताना म्हसवडचा एक गुलाबी फेटा उरला. तक्त्यात 'म्हसवड, ब – ४', यादीत नावं तीनच. पुन्हा रन केलं – चार. रिकामी ओळ नाही, कुणाचं नाव दोनदा नाही. बोटांवर मोजली – तीन! माझा पारा चढला.

"अण्णा, एक फेटा परत देऊन येते."

"आगं, माणसासाठी आणल्याला फेटा परत देत्यात व्हय? ऱ्हाऊ दे." मग हळूच म्हणाले, "ब मधी म्हसवडचं चौघंच हुतं. चौथा आमचा शिरपा. दहावीआधीच शाळा सोडून गेला. म्हसवडच्या दर जत्रंला सिद्धनाथाच्या दारात हुडकतोय त्येला... गावंना."

मला भरून आलं. पण कोडला शिरपाकाका कसे ठाऊक?

रविवारी सकाळी सगळ्यांचे फेटे बांधून झाले. तो एक तेवढा खुर्चीवर. एवढ्यात पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ पाणी मागायला मांडवात आले. लेकीकडे निघाले होते, एसटी चुकली होती. अण्णा बघतच राहिले.

"शिरपा?"

"व्हय... आरं, तू दत्त्या का काय? गड्या!"

दोघं गळ्यात पडून हसतही होते, रडतही होते. अण्णांनी स्वतःच्या हातांनी फेटा बांधला.

"फेटा बी तयार ठिवलायस की रं!"

"लय उशीर केलास."

अण्णांना इतकं खूश मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं!

दुपारी शिरपाकाकांचं नाव यादीत घातलं. म्हटलं, आता पाच येतील, मग चूक तरी सापडेल. कोडचं एक अक्षरही न बदलता रन केलं.

चार.

कारण मला आजही सापडलेलं नाही. कुणाला कळलं तर जरूर सांगा. अण्णांना विचारण्यात अर्थ नाही. ते म्हणतात, "बराबर हाय की. चौघंच हुतं."