मल्लप्पा डॉक्टरांची फेरी

मल्लप्पा डॉक्टर रोग्याला काय होतंय हे विचारायच्या आधी सुई उकळायला सांगत. सर्दी असो की पोटदुखी, इंजेक्शन ठरलेलं. "सुई टोचल्याबिगर माणसाला बरं वाटतच न्हाय," असं ते अभिमानाने म्हणत. औषध कंपन्यांची माणसं नमुने ठेवून जात, त्यांतलं हाताला लागेल ते देत. आज एक, परवा दुसरं. सोलापुरात लोक त्यांना देवमाणूस म्हणत. मी कधी म्हटलं नाही.

मुलांनो, मधूआजोबांचा पाय अपघातात गेला असं तुम्हांला सांगितलं आहे. ते खरं नाही. सत्तरच्या दशकात माझा हा धाकटा भाऊ गिरणीतून सायकलवर येताना ट्रकखाली सापडला, नडगीचं हाड बाहेर आलं. मल्लप्पांनी हाड उत्तम बसवलं, एवढं मान्य करते. पाय गेला तो त्यानंतर, त्यांच्या दवाखान्यात.

सकाळची पट्ट्या बदलायची फेरी ते सगळ्यांत घाण जखमेपासून सुरू करत. कोपऱ्यातल्या खाटेवर मधुमेहाचे एक म्हातारे कित्येक आठवडे पडून होते. पाय सडलेला, पू हिरवट. तिथून तेच हात, तोच चिमटा घेऊन डॉक्टर खाटेखाटेने येत. मधूची जखम स्वच्छ, म्हणून त्याची पाळी शेवटी.

"डॉक्टर, मधूचं आधी करा. आणि मध्ये हात धुवा," मी म्हटलं.

"अक्का, अवघड गणित आधी सोडवावं, असं तुमच्या इंग्रजी शाळेत शिकवलं न्हाय व्हय?" सगळे रोगी हसले. मधूसुद्धा.

"चिमटा तरी उकळा."

"औषधात बुडवतो की! हितं डॉक्टर कोण, तुमी का मी?"

पुढच्याच आठवड्यात मधूच्या पट्टीवर हिरवा डाग उमटला. ताप चढला. डॉक्टरांनी इंजेक्शन बदललं, मग पुन्हा बदललं. मी मिरजेला न्यायचं म्हटलं, तर मधूच म्हणाला, "ताई, त्यांचा अपमान होईल गं." मल्लप्पा म्हणाले, "न्या की. वाटेत काय झालं तर माझं नाव घिऊ नका."

तरी मी मधूला नेलंच. मिरजेच्या डॉक्टरांनी पू तपासायला पाठवला. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, "बाई, नेहमीचं एकही औषध या जंतूंवर चालत नाही. उघडी जखम, इतके दिवस दवाखान्यात, शेजारी तसा रोगी आणि वर ही अर्धवट इंजेक्शनं. जंतूंना औषधं पचवायला शिकवलंय तुमच्या डॉक्टरांनी." चालेल असं एक औषध मुंबईहून मागवलं. ते येईपर्यंत विष रक्तात भिनलं होतं. जीव वाचवायला गुडघ्यावरून पाय कापला.

मधू घरी आल्यावर मल्लप्पा द्राक्षं घेऊन आले. खाटेवर ऐसपैस बसले. "जीव वाचला की, मर्दा! पाय काय, लाकडाचा मिळतो." मग माझ्याकडे वळून, "अक्का, अजून राग हाय व्हय? माझ्या हातनं लई माणसं बरी झाल्यात."

त्या म्हाताऱ्यांचं काय झालं, मी विचारलं.

"गेले. वय झालतं."

"आणि फेरी? अजून तशीच?"

"मग काय बदलायची? तीस वर्सं तशीच चाललीय."

आमच्याकडे दारी आलेल्या परक्यालाही चहा विचारल्याशिवाय जाऊ देत नाहीत. मल्लप्पा बसून राहिले, स्वयंपाकघराकडे बघत. शेवटी मधू हळूच म्हणाला, "ताई, चहा टाक की."

मी उठले नाही.