धुराडे सर

भट्टी थंड झाल्याशिवाय धुराडे सर कुणालाही ती उघडू देत नसत, विभागप्रमुखांनाही नाही. आडनाव त्यांचं वेगळंच होतं. अमरावतीच्या प्रयोगशाळेत ते माझे मार्गदर्शक. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या वाढवायला शिकवताना ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आधी धुराडं समजावायचे, म्हणून हे नाव पडलं.

"चुलीच्या धुराड्यात आतून काजळी धरते ना, तसंच हाय हे," ॲल्युमिनियम ऑक्साइडची चकती दाखवत ते सांगायचे. "हिच्यात डोयाले न दिसणारी भोकं हायेत. भट्टीत गॅस सोडला का भोकाच्या भिंतीले कार्बन धरते. मंग धुराडंच विरघळवून टाकायचं. नळी उभी राह्यली पायजे."

ते रोज अकोल्याहून गाडीनं यायचे. भट्टी निवत असली की आम्हाला राजापेठेत चहाला न्यायचे. चहा निमित्त, आमचे हात भट्टीपासून लांब राहावेत, एवढाच हेतू.

माझी शिष्यवृत्ती संपत आली होती. नागपूरच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर दुसऱ्या दिवशी सकाळी माझा नंबर होता, आणि नेमकी वीज गेल्यानं भट्टी उशिरा लागली. नागपूरची गाडी सुटायला आली तरी ती तापलेलीच.

"सर, थोडीच गरम आहे आता."

"कावून घाई करून राह्यली? हवा लागली तं सारा कार्बन जळून जाईन. नंबर पुन्हा भेटन."

नंबर गेला. मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागले. त्यांनी मात्र नागपूरला सतत फोन करून नवा नंबर मिळवला. फोटोत नळ्या दाट, सरळ उभ्या होत्या.

"पाह्य, कपाशीची पऱ्हाटी उभी हाय वावरात," सर म्हणाले. "आता तं बोलशीन?"

गेल्या उन्हाळ्यात अकोल्याहून फोन आला, सर गेले. त्यांच्याच प्रयोगशाळेत मी आता शिकवते. फोन आला तेव्हा भट्टी नुकती बंद केली होती. निवेपर्यंत नायट्रोजन चालू ठेवावा लागतो, आणि त्या दिवशी मी एकटीच होते. थांबले. अकोल्याला पोचले तेव्हा मंडळी स्मशानातून परतली होती.

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "भट्टी लागली होती काय?"

"हो, काकू."

"गरम तं नाही उघडली?"

"नाही."

"मंग बस. लवकर आली असती तं तेच रागावले असते तुले."