काकींच्या नावानं गेलेला बायोडाटा

तुळशीचं लग्न नुकतंच झालं होतं. त्यानंतरचा तो सोमवार. सांगलीतल्या पोलीस ठाण्यात मी मुद्देमालाची खोली आवरून घेत होते. गंजलेल्या तलवारी, जप्त केलेले मोबाईल, सगळ्यांना नव्या चिठ्ठ्या लावायच्या होत्या. आता निवृत्त झाले, तरी तो सोमवार आठवला की डोकं तापतं.

तासगावकडचे एक निवृत्त सुभेदार नातेवाइकांना घेऊन आत आले. माधवनगरच्या एक काकी घरातूनच वधूवर सूचक केंद्र चालवत होत्या. त्या मुलींचे फोटो विकतात, अशी यांची तक्रार. सुभेदारांच्या मुलीचं लग्न रहिमतपूरला ठरलं होतं, बुधवारी साखरपुडा होता. आणि कालच, रविवारी, काकींच्या ईमेलवरून त्याच मुलीचा बायोडाटा ‘नवीन स्थळ’ म्हणून घरोघरी गेला होता. त्यात नवरदेवाचंही घर होतं. मुलगी अजून दाखवताय का, असा व्याह्यांचा फोन आला होता.

“मॅडम, माझ्या पोरीचा बाजार मांडलाय या बाईनं,” सुभेदार म्हणाले. “उद्या ती माणसं लगीन मोडतील.”

मी काकींना बोलावून घेतलं. साठीची विधवा बाई, नीट चापूनचोपून नेसलेली. नातेवाइकांपैकी एकानं तर तोंडावर सांगितलं, नवरा गेल्यावर बाईला धरबंद राहिला नाही. त्याला मी बाहेर काढलं. फोटोची तक्रार आहे, चारित्र्याची नाही, एवढं बजावून.

काकींचा जबाब सरळ होता. मोबाईलवर फोटो गावभर फिरतात, म्हणून त्या बायोडाटा आणि पत्रिका फक्त मेलवरच घ्यायच्या. कुणाला द्यायच्या आधी मुलीच्या आईला विचारायच्या. “आवं सुभेदार, तुमची पोरगी माज्या मांडीवर खेळली हाय. मी कशाला असलं करीन?” त्यांनी विचारलं.

खरं सांगायचं तर मलाही तेव्हा बाईच खोटं बोलतेय असं वाटत होतं. पत्ता त्यांचा, फोटो त्यांच्याकडचा. तेवढ्यात सुभेदारांचा मोबाईल वाजला. काकींच्याच नावानं आणखी एक मेल आला होता, दुसऱ्याच मुलीचा बायोडाटा घेऊन. काकी माझ्यासमोर बसल्या होत्या. घरात दुसरं कुणी राहत नव्हतं, कुलपाची किल्ली त्यांच्या कमरेला होती.

“आता बोला,” मी सुभेदारांना म्हणाले. त्यांनी मोबाईल माझ्यापुढं सरकवला.

सायबर सेलच्या हवालदाराला घेऊन आम्ही माधवनगर गाठलं. कॉम्प्युटर चालूच होता. हवालदारानं आधी इंटरनेटची वायर काढली, मग पंचनामा केला. पुण्याच्या कुणा इंजिनिअर मुलाचा म्हणून आलेला बायोडाटा काकींनी उघडला होता. पत्रिका दिसेना. ‘परवानगी द्या’ अशी पाटी आली, त्यांनी हो दाबलं. अनोळखी माणसाची पत्रिका उघडून बघणं हेच त्यांचं काम. ते ओळखूनच कुणीतरी जाळं टाकलं होतं. त्या क्षणापासून आत शिरलेला व्हायरस त्यांच्याकडचे जुने बायोडाटा उचलून, त्यांच्याच नावानं, सगळ्या ओळखीच्यांना पाठवत होता. प्रत्येक मेलमध्ये तोच व्हायरस होता.

“पण अँटीव्हायरस हाय की,” काकी म्हणाल्या, आणि कॉम्प्युटरच्या डब्यावरचं चकचकीत स्टिकर दाखवलं.

स्टिकर होतं. आत काहीच नव्हतं. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला ठाण्यात आणलं. आधी त्यानं कानावर हात ठेवले. मी काकींकडची दुरुस्तीची पावती पुढं केली, त्यात अँटीव्हायरसचेही पैसे लावलेले होते, तशी भाषा बदलली.

“ते लय जड असतंय मॅडम. मशीन हळू चालतंय म्हणून काढून टाकलं.”

“त्यांना सांगितलंस?”

“सांगून काय कळणार हाय त्यास्नी?”

माझ्या नोकरीत मी चोर पाहिले, खुनी पाहिले. पण या एका वाक्याइतकी चीड मला क्वचितच आली. घराचं कुलूप काढून न्यायचं, कडी तशीच लटकती ठेवायची, आणि वर म्हणायचं की बाईला काय कळतंय! त्याच्यावर फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. मूळ मेल पाठवणारा मात्र सापडला नाही. माग परदेशात जाऊन संपला.

त्या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच. ओळखीच्या नावानं आलेला मेलसुद्धा ओळखीचा नसतो. मेलमधून काही उघडण्याआधी पाठवणाऱ्याला फोन करून विचारा. उघडताना परवानगी मागितली, तर नाही म्हणा. अँटीव्हायरस आहे ना, तो चालू आहे ना, अद्ययावत आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दुसऱ्याच्या शब्दावर आणि स्टिकरवर जाऊ नका. व्हायरस शिरलाच तर आधी इंटरनेट तोडा, पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, आणि लाजून गप्प न बसता सगळ्यांना कळवा. आणि एखाद्या बाईची अब्रू वेशीवर टांगण्याआधी निदान चौकशी पुरी होऊ द्या.

काकी त्या संध्याकाळी एकेका घरी फोन करत होत्या, मेल उघडू नका म्हणून. निम्म्या लोकांनी आवाज ओळखून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकींना गाडीत पुढं बसवलं, सुभेदारांना मागं, आणि रहिमतपूर गाठलं. व्याह्यांच्या दारात गाडी उभी केली, पण मी उतरले नाही. सुभेदारांना म्हणाले, “ठाण्यात चार माणसांसमोर बोललात. आता इथंही चार माणसांसमोर बोला. काकी ऐकतील.”

ते उतरले, आणि काकींसाठी दार उघडून उभे राहिले.