बिब्ब्याची फुली

माझ्या बायकोचं पोलकं मी परटाला दाखवलं. का दाखवलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

नवे पैसे सुरू झाले त्या सुमाराची गोष्ट. मी तंजावुरात कारकून होतो, लग्नाला तीन वर्षं झाली होती. बायको दुपारी शेजारच्या वकिलांच्या घरी जाई, म्हाताऱ्या वकिलीणबाईंना अप्पळम, म्हणजे पापड, लाटू लागायला. त्या घरात एक बिनलग्नाचा मुलगाही होता, कॉलेजात शिकवणारा. मला पाहिलं की तो जरा जास्तच अदबीनं हसे.

एक दिवस बायकोच्या अंगात नवं पोलकं दिसलं. पांढरी मलमल, गळ्याला आणि खांद्यावर मोगऱ्याच्या कळ्या भरलेल्या.

"कापड कुठलं?"

"होतं घरात."

घरात नव्हतं. शिवाय ते पोलकं ती परटाला देत नसे. स्वतः धुऊन आतल्या खोलीत वाळत घाली. ती देवळात गेलेली असताना मी ते दांडीवरून काढून उलटं केलं. काखेच्या शिवणीत परटाची बिब्ब्याची न जाणारी खूण होती, फुली आणि एक ठिपका. आमच्या कपड्यांवर परीट नुसते दोन ठिपके घाली.

तेवढ्यात परीट दारात आला. मी पोलकं त्याच्यापुढे धरलं.

"ही कुणाच्या घरची खूण रे?"

"वकिलांच्या, सामी. धाकट्या सामींचा जिब्बा दिसतो." कळ्यांवरून बोट फिरवून तो हसला. "अम्मांनी भोकं बरी झाकलीत!"

भोकं मलाही दिसली. पण डोक्यात राहिला तो जिब्बा, त्या मुलाचा झब्बा. परक्या पुरुषाचं वस्त्र हिनं अंगाला का लावावं? दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी कचेरीत चष्मा पुसायला मी शर्टाचं टोक उलटं केलं. आत फुली होती, आणि एक ठिपका.

हा शर्ट तिनं पोंगलला शिवून दिला होता. तोही ती घरीच धुई, तांब्यात निखारे घालून इस्त्री करी. मला ते प्रेम वाटे.

घरी आलो तर ती उंबऱ्यातच बसलेली.

"परटाला पोलकं दाखवलंत का ओ?"

"कुणी सांगितलं?"

"नळावर सगळ्या हसताहेत. एकीनं विचारलं, यजमानांचे शर्टही तिकडचेच काय गो?"

"मला वाटलं, चुकून दुसऱ्याचं आलंय आपल्याकडे." हे मी खोटं बोललो.

"मग मला विचारायचं होतंत. म्हातारी लेकाचे जुने कपडे देते, मी उसवून शिवते. सांगितलं असतं तर तुम्ही घातला असतात तो शर्ट?"

नसता घातला.

"काढा तो," ती म्हणाली. पोलकं आणि शर्ट तिनं परटाच्या गाठोड्यात टाकले. "जाऊ देत त्याच्याचकडे. आता कुणापासून लपवायचं?"

आठवड्यानं शर्ट परत आला. जुन्या फुलीशेजारी आमचे दोन ठिपके होते. तो मी विरेपर्यंत घातला. पोलकं तिनं पुन्हा घातलं नाही, वकिलांकडे गेली नाही, कळ्याही कधी भरल्या नाहीत.

माझा खरा संशय तिला कळला होता का, हे मी अजून विचारलेलं नाही.