विलायती उंदराला नवा भात

माझी बायको गेली त्याला अजून वर्ष झालं नाही. लोक येतात, ती मोठी सोशीक होती म्हणून सांगतात. सोशीक काही नव्हती. हट्टी होती. किती हट्टी, ते मला एका उंदरापायी कळलं, तेच लिहून ठेवतो. शाळा मी चवथीपर्यंत केली, तेव्हा जसं येईल तसं.

ती कामठ्याहून गोंदियाला भाजीची टोपली घेऊन जायची. रेल्वेच्या बंगल्यातली एक मडम तिच्याकडून पालक घ्यायची. त्या मडमेच्या पोरीनं पिंजऱ्यात एक जनावर पाळलं होतं. शेपूट नाही, कान पानासारखे, अंगावर पांढरे-तांबडे डाग. साहेबाची बदली झाली तशी मडमेनं ते उचलून हिच्या रिकाम्या टोपलीत ठेवलं. गवत-पाला घाल, भात घालू नको, असं तोडक्या हिंदीत बजावलं. त्याला गिनीपिग म्हणतात. गावानं त्याला विलायती उंदीर केलं.

घरात उंदीर कमी होते म्हणून आणखी एक आणला का, असं मी तिला विचारलं. पण मी शेताच्या धुऱ्यावरून दूब, म्हणजे हरळी, तोडून आणली, की तिची सळसळ ऐकून तो खुराड्यातून शीळ घालायचा. पोरगा नोकरीसाठी दूर गेल्यापासून मी घरी आलो म्हणून कोणी आवाज केला नव्हता. मग मी रोजच दूब आणू लागलो.

आमच्याकडं हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान निघाला की नवा भात शिजतो. त्या दिवशी घरच्या हरएक जिवाला पहिला घास द्यायचा, मग माणसांनी बसायचं. बैल, गाय, कुत्रा, कोणी सुटता कामा नये. तिनं दूध-गूळ घातलेला भात उंदरापुढंही ठेवला. मी मडमेच्या बोलण्याची आठवण दिली.

"मडमेच्या घरी नवा भात होते का जी?" ती म्हणाली. "घरचा जीव आहे. त्याले सोडून मी कशी खाऊ?"

त्यानं पान चाटून साफ केलं.

दुसऱ्या सकाळी मी दूब घेऊन आलो, तर शीळ नाही. तो कोपऱ्यात केस फुलवून बसला होता. पोट हाताला टणक लागत होतं. खुराड्यात एक लेंडी नव्हती. दूब नाकाशी धरली तर तोंड फिरवलं. तिनं त्याला उचलून मांडीवर घेतलं आणि सांगितलं, "हा खाईल तवाच मी खाईन."

शेजारची म्हातारी बुडी कुडावरून बघत होती. "उंदरासाठी उपास! नवऱ्यासाठी केलता का वो कदी?"

"नवरा कदी उपाशी रायला का, माय?"

यात खोटं काही नव्हतं. मी त्या दिवशीही जेवलो. उपाशी पोटी दूब वाटता येत नाही, आणि वाटायचं काम माझ्याकडं होतं. पाट्यावर दूब बारीक वाटायची, कोमट पाण्यात कालवायची, त्यात ओव्याच्या पाण्याचे थेंब. पाट्याशी बसलेला पुरुष पाहून जाणारे-येणारे हसायचे. हसोत.

भरवायला तिनं शिंप काढली. तिच्या माहेरची, बोदलकशाच्या तळ्यातली. आमच्या पोराला तिनं त्याच शिंपेनं दूध पाजलं होतं. शिंपेचं टोक उंदराच्या दातांच्या बाजूनं आत सारायचं, थेंब सोडायचा, त्यानं गिळलं की दुसरा. घाई केली तर ठसका लागे. मधून मधून ती दोन बोटांनी त्याचं पोट चोळायची, मग माझ्या जुन्या धोतरात गुंडाळून उन्हात घेऊन बसायची. मी म्हटलं, मरते तर मरू दे, तू काऊन मरून राहिली? तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. "भात मी घातला," एवढंच म्हणाली.

असे दोन-तीन दिवस ती पाण्यावर होती. डोळे आत गेले. मला आता उंदरापेक्षा तिचीच धास्ती वाटू लागली.

मग एका सकाळी तिनं हाक मारली. मला वाटलं, मेला. तर तिच्या पदरावर एक लेंडी होती, कोरडी, तांदळापेक्षा जरा मोठी. "झाली जी," ती म्हणाली आणि रडायला लागली. उभ्या जन्मात शेण उचलणारा मी, पण त्या लेंडीनं झाला तसा आनंद कशानं झाला नाही. दुपारी त्यानं माझ्या हातातली दूब आपणहून ओढली. तेव्हा ती जेवायला बसली आणि भांडं पुसून जेवली. शीळ पुढं चार-आठ दिवसांनी आली.

तो म्हातारा होऊन मेला. त्यानंतरच्या प्रत्येक नव्या भाताला ती त्याच्या वाट्याची दूब ठेवायची, भात नाही.

गेल्या पावसाळ्यात तिचं पोट बिघडलं. वैद्य झाले, गोंदियाचा डॉक्टर झाला. पेजही जाईना. मी कोनाड्यातून ती शिंप काढली आणि थेंब थेंब भरवू लागलो. माझ्यासाठी तिनं थोडं गिळलं. एके दिवशी हातानं शिंप बाजूला केली.

"तो जीव मुका होता, म्हून आपन रेटलं," ती म्हणाली. "मी त बोलून रायली न. आता नका रेटू."

मी शिंप खाली ठेवली. दोन बोटांनी तिचं पोट चोळत बसलो. तिला झोप लागली. दुसऱ्या दिवशी गेली.

यंदाचा हलका धान घरात आला. मी भात शिजवला. बैलांना दिला, कुत्र्याला दिला. खुराडं केव्हाच मोडलं, त्या जागी पळसाच्या पानावर दूब ठेवली. मग ताट घेऊन बसलो आणि बसूनच राहिलो. ती थांबली होती, कारण तो खाईल अशी तिला आशा होती. मी कोणाची वाट पाहून राहिलो?

कुडापलीकडून बुडी म्हणाली, "खाऊन घे बा, थंडा होते."

भात खाली लागला होता. खाल्ला.