डिस्कोकाकांचा बैल

परतवाड्याच्या डिस्कोकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका लाकडी बैलावर उभे राहून कंबर हलवत होते. मी हबकलेच. सत्तरीचा माणूस, डोक्याला टोपी, आणि पायाखाली बैल! तान्ह्या पोळ्याला पोरं दोरी बांधून मिरवतात ते चाकांचे बैल काका घडवत. चाकांखाली पाचर ठोकायची, मोबाइलवर गाणं लावायचं आणि अख्खं गाणं बैलाच्या पाठीवर नाचायचं. त्याशिवाय बैल गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा नाही, हा त्यांचा नेम.

गाणी आजची, पण ठेका जुन्या डिस्कोचा. मी नाक मुरडलं तर म्हणाले, "बाई, लाकूड अन् ठेका जुनाच पाह्यजे. त्याले वाळवी नाई लागत." अमरावतीला परतताना माझा पाय त्याच ठेक्यावर हलत होता, हे कबूल करते.

गेल्या वर्षी माझ्या लेकीसाठी, चिनूसाठी, बैल घ्यायला गेले. काकू हळूच म्हणाल्या, "डॉक्टरनं त्याइले नाचाले मना केलं. हार्टचा आजार हाय." काका तर गाणं शोधत होते. मी घाईघाईने म्हटलं, "राहू द्या काका, भरवसा आहे आमचा." त्यांनी बैल दिला, पण तोंड पाडून.

तिसऱ्या दिवशी काका एस.टी.ने अमरावतीला, थेट माझ्या दारात! "बाई, झोप नाई लागून राहिली. लावा गानं." मी हातापाया पडले. "काहून भेऊन राहिल्या?" म्हणत माझ्या खांद्याला धरून बैलावर चढलेच. दोनदा कंबर हलवली आणि काडकन बैलाचा पाय मोडला. मी त्यांना कसंबसं सावरलं. काका मात्र खुशीत. "पाह्यलं? पोरगी पडली असती ना!" मोडका बैल काखोटीला मारून ते परत गेले.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी दुरुस्त केलेला बैल घेऊन काकू आल्या, एकट्याच. काका अंथरुणाला खिळले होते. मला रागच आला. "आता तरी नाचले नाहीत ना?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. "त्याइले उठवत नाई. मले म्हने, तू चढ. म्या म्हटलं, लाज नाई वाटत? तं खाटेवरून गानं लावलं. पन्नास वर्सांच्या संसारात पयल्यांदा नाचली, बाई. पुरं गानं."

आठच दिवसांत काका गेल्याचा फोन आला. मी फोन ठेवला. समोर चिनू त्याच बैलावर उभी राहून नाचत होती. तिला खाली उतरवायला माझा हात उठेना.