कुबराचा रकाना

आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइप बनवणाऱ्या कंपनीत हमीद परकार डिस्पॅच सांभाळतात. कंटेनर बंदरात कधी पोचणार, ट्रक किती वाजता सुटणार, ड्रायव्हर आजारी पडला तर गाडीवर कोण बसणार, हे सगळं त्यांच्या एका कागदावर असतं. कागदावर रकाने, रकान्यांत वेळा. सत्तावीस वर्षं हा माणूस असा रकान्यांत जगला आणि, खोटं कशाला बोला, सुखाने जगला.

त्यातली पहिली सात वर्षं मुहैस्नाहच्या मजुरांच्या कॅम्पात गेली, एका खोलीत आठ जण. मग फॅमिली व्हिसा झाला, बायको कुबरा रत्नागिरीच्या राजिवड्याहून आली आणि संसार उम्म अल कुवैनला थाटला. अयान आणि नबिला तिथेच झाली. आता अयान कॉलेजात आहे आणि चौदा वर्षांची नबिला घरातल्या प्रत्येकाला सुधारते आहे.

वर्षाची रजा मिळाली की राजिवडा, यात कधी चर्चा झालीच नाही. एका वर्षी दिराचं लग्न, एका वर्षी सासऱ्यांचं ऑपरेशन, एका वर्षी घरावर स्लॅब. तीन बॅगा वाटण्याच्या वस्तूंच्या आणि एक स्वतःची. परत येताना हमीदभाई म्हणायचे, "चला, छान झाली सुट्टी." कुबरा काही बोलायची नाही. ती गप्प आहे म्हणजे खूश आहे, असा हमीदभाईंचा समज होता. बऱ्याच नवऱ्यांचा असतो.

यंदा मात्र त्यांच्या डोक्यात वेगळंच शिरलं. ऑफिसातल्या पुण्याच्या सुजीतने युरोपातल्या टिरोलमधल्या एका खेड्याचे फोटो दाखवले. लाकडी घरं, खिडकीपर्यंत बर्फ, घराच्या तळमजल्यावरच गाईंचा गोठा. "हमीदभाई, एकदा जाऊन या. स्की शिकायला वय लागत नाही, फक्त गुडघे वाकवता आले पाहिजेत." हमीदभाईंना वाटलं, एकदा तरी कुणाच्या लग्नाला नाही, कुणाच्या मयताला नाही, नुसतं आपलं म्हणून जावं. आणि कुबराला घेऊन जावं. पोरांचं काय, पोरं पुढे जातीलच. कुबराशिवाय या सुट्टीला त्यांच्या लेखी काही अर्थ नव्हता.

मग काय, यल्ला, चला! ईदच्या सुट्टीला जोडून रजा टाकली. शेंगेन व्हिसासाठी सगळे जाऊन बोटांचे ठसे देऊन आले. सुजीतने जुनी जॅकेटं दिली. हातमोजे मात्र विकत घ्यावे लागले. "दीडशे दिरहम? म्हणजे साडेतीन हजार रुपये! हातमोज्यांना?" कुबराने दुकानातच हिशेब सुनावला. संध्याकाळी हमीदभाई किनाऱ्यावर जाऊन, मोबाइलमध्ये बघून, गुडघे वाकवून उभं राहायचा सराव करू लागले. येणारे-जाणारे बघायचे. हमीदभाईंनी कधी लोकांची पर्वा केली नव्हती, आता कशाला करतील?

खेड्यातलं घर शोधतानाही त्यांनी डोकं चालवलं. हॉटेलात हलाल जेवणाची पंचाईत, म्हणून फ्राऊ हुबर नावाच्या बाईंच्या घरातला वरचा मजला घेतला, स्वयंपाकघरासकट. शनिवार ते शनिवार, शुक्रवारची रात्र वाटेत. मग आठवड्याचा कागद तयार झाला, रंगीत प्रिंट निघाली आणि जानेवारीत फ्रिजवर चिकटली.

रमजान लागला आणि कुबराने सहलीबद्दल पहिल्यांदा तोंड उघडलं.

"विमान शुक्रवारी सकाळचं आहे ना? आणि ईद शुक्रवारी आली तर?"

कंपनीच्या कॅलेंडरवर ईद गुरुवारी छापली होती आणि त्याच भरवशावर त्यांनी तिकिटं काढली होती. दर वर्षी कस्टमरना 'छापील ईदवर माल लावू नका, चांद दिसल्याशिवाय काही खरं नाही' असं ओरडून सांगणारा हा माणूस स्वतः तीच चूक करून बसला होता.

"तिकीट बदलता येतं," ते घाईने म्हणाले. "प्लॅन बी आहे. नमाज पढून संध्याकाळी निघू."

"ईदच्या दिवशी दारात पाहुणे आणि आपण बॅगा घेऊन पळायचं? मला नाही जमणार. बुधवारी चांद दिसला तर येईन. नाही दिसला तर तुम्ही तिघं जा."

यावर बोलणं खलास. हमीदभाईंनी फ्राऊ हुबरना ईमेल टाकली की आम्ही शनिवारी दुपारी येऊ किंवा रात्री, ते चंद्रावर अवलंबून आहे. पाठवल्यावर त्यांनाच शरम वाटली. बाई काय म्हणतील? बाईंचं मोडक्या इंग्रजीत उत्तर आलं: आमचा ईस्टरही दर वर्षी चंद्रच ठरवतो, इथे सगळ्यांना सवय आहे, तुम्ही केव्हाही या, मी दार उघडं ठेवते. हमीदभाईंनी ती ईमेल कुबराला दोनदा वाचून दाखवली. ती हसली, पण अट काही सोडली नाही.

विसाव्या रोज्याच्या सुमारास, इफ्तारनंतर, नबिला फ्रिजमधून पाणी काढताना थबकली.

"अब्बा, व्हाय इज अम्मी कुकिंग इन एव्हरी बॉक्स?"

"काय?"

"लुक. वी हॅव स्की स्कूल. यू हॅव स्की स्कूल. अम्मी हॅज ब्रेकफास्ट, लंच, टी, डिनर. सेव्हन डेज!"

हमीदभाई कागदापुढे उभे राहिले. चार रकाने. अयान, नबिला आणि हमीद यांच्या रकान्यांत स्की स्कूल, घसरगाडी, गोठा बघणे, विश्रांती. कुबराच्या रकान्यात नाश्ता, जेवण, चहा-भजी, रात्रीचं जेवण. टिरोलमध्ये, बर्फात, भजी! आणि हे त्यांनी स्वतःच्या हाताने, अगदी कौतुकाने टाइप केलं होतं. विश्रांती हा शब्द तिच्या रकान्यात एकदाही नव्हता. राजिवड्याच्या वीस रजा त्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या. प्रत्येक रजेत कुबरा सासरच्या चुलीपुढे होती आणि ते ओट्यावर मित्रांबरोबर. जानेवारीपासून हा कागद रोज तिच्या नजरेसमोर होता. ती चांदाची वाट बघत नव्हती, न येण्यासाठी एक बरं कारण शोधत होती. हमीदभाईंना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्यांनी कुबराला ताकास तूर लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फ्राऊ हुबरना विचारलं, दोन्ही वेळचं जेवण तुम्ही कराल का, मांस नको, दारू नको, बाकी काहीही चालेल. बाईंनी लिहिलं: अंडी, मासे, बटाटे, घरचं चीज. आणि तुमच्या बायकोला माझ्या स्वयंपाकघरात पाय टाकू देणार नाही, ते माझं आहे.

बुधवारी इफ्तारनंतर सगळी बिल्डिंग गच्चीवर जमली. पश्चिमेला समुद्रावर धुरकट पट्टा होता. अयानने मोबाइलमधून बघितलं, नबिलाने दुर्बिणीतून, हमीदभाईंनी चष्मा पुसून पुसून. थोड्या वेळाने टीव्हीवर जाहीर झालं: चांद दिसला नाही, उद्या तिसावा रोजा, ईद शुक्रवारी.

"चला," कुबरा शांतपणे म्हणाली, "आज पुन्हा रात्रीची तरावीहची नमाज. तुमची तिघांची बॅग मी उद्या भरून देते."

हमीदभाईंनी खिशातून घडी केलेला नवा कागद काढला आणि तिच्या हातात दिला. तेच चार रकाने. चौथा, तिचा, वरपासून खालपर्यंत कोरा.

"हे प्रिंट नीट आलं नाही का?" तिने विचारलं.

"नीट आलंय. जेवण त्या बाई करणार. तू नाही."

"मग मी काय करायचं तिथं?"

"मला माहीत नाही. तुला वाटेल ते. झोप, बर्फात फीर, स्की कर, नको करू." त्यांनी कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "कुबरा, आधीचा कागद लिहिताना मला कळलंच नाही. वीस वर्षं कळलं नाही."

तिने कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. कोऱ्या जागेत वाचण्यासारखं काय होतं, अल्लाला माहीत. मग तिने त्याची जपून घडी केली आणि डोक्यावरची ओढणी सारखी केली.

"ईदची नमाज सकाळीच आटपते. पाहुण्यांचं दुपारपर्यंत होईल." ती जिन्याकडे वळली. "विमान संध्याकाळचं बघा."

हमीदभाई फोन काढायला धडपडले. दोन जिने खाली गेलेली कुबरा तिथूनच ओरडली, "आणि ऐका! शुक्रवारी शिरखुर्मा करेन तो शेवटचा. पुढचे आठ दिवस मला कुणी चहासुद्धा मागायचा नाही!"